मानेवरची भट्टी

आबांना अक्षर येत नव्हतं, पण नामपुरातलं प्रत्येक घर त्यांना वाचता यायचं. आबा माझे वडील, आम्ही परीट. गावभरचे कपडे आमच्या अंगणात येऊन पडायचे आणि सकाळी आबा त्या ढिगातलं एकेक वस्त्र उचलून त्याचा कोपरा उलटा करायचे, अंगठ्याने चाचपायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "मास्तर. दुकानवाला. मळावाला पाटील. परत मास्तर." कोपऱ्यात बिब्ब्याने केलेली बारीकशी काळी खूण असायची. मास्तरांच्या घराची आडवी रेघ आणि वर दोन टिंबं, किराणा दुकानाचा अर्धा चंद्र, पाटलांची फुली. शे-दोनशे घरांच्या अशा खुणा आबांच्या डोक्यात पक्क्या होत्या. नवी सून गावात आली की तिच्या साड्यांवर सासरची खूण पडायची, आणि माय हसत म्हणायची, "आते ती खरी गावनी झाली."

खूण करायची रीत अशी. बिब्बा सुईने टोचायचा, की आतला दाट काळा रस वर येतो. दाभणाच्या टोकाने तो कापडावर टेकवायचा, वरून चुन्याची निवळी लावायची आणि उन्हात वाळवायचं. मग ते कापड कितीदाही उकळा, खूण जात नाही. लहान असताना बिब्बे टोचून द्यायचं काम माझं होतं. पुढे मी चौथीत पहिली आले आणि आबांनी माझ्या हातातून सुई काढून घेतली. सोड्याने हात फाटतात, बिब्ब्याने डागतात, तू वह्या धर, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या अंगणाचा राजा म्हणजे भट्टी. तीन काळे दगड आणि त्यावर पोटाने गोल असलेलं तांब्याचं भांडं. त्यात कपडे रटरटायचे, सोड्याचा वास घरभर भरायचा, आणि मोसम नदीच्या काठावर आबांची थाप सुरू झाली की प्रत्येक थापेला त्यांच्या तोंडून "हुश्शा" निघायचं. त्या हुश्शावर मी पाढे पाठ केले. भट्टी विझत आली की माय राखेत कांदे पुरायची. बाहेरून कोळसा झालेला, आतून गोड लुसलुशीत कांदा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी आणि वर तेलाची धार. आज नाशकात माझ्या स्वयंपाकघरात सगळी यंत्रं आहेत, पण कांदा तसा भाजता येईल असं एकही नाही. नातवाला मी हे सांगते तेव्हा तो म्हणतो, "आजी, राख खायची का मग?" 

गावातल्या सगळ्या घरांना खूण होती, फक्त आमच्या घराला नव्हती. आमचे कपडे कुणाकडे धुवायला जातच नव्हते, तर हरवणार कुठे? हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. ते ध्यानात आलं नाशिकच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मामांनी आधीच सांगून टाकलं होतं, "पोरगी पाठवा, पण सुट्टीशिवाय एकदा का घरी परत आली, की मग मी सांगेन ते स्थळ बघायचं." माझ्यासाठी त्यांनी स्थळ हेरूनच ठेवलं होतं.  आबांनी हॉस्टेलहून आलेली यादी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "वाच."

मी वाचलं. ताट, वाटी, तांब्या, बादली, मच्छरदाणी, फोटोच्या दोन प्रती, पालकाची सही. एकेका ओळीला आबांचा चेहरा लहान होत होता. यातलं कुठलंच जग त्यांच्या ओळखीचं नव्हतं. मग शेवटची ओळ आली: प्रत्येक कपड्यावर, धुण्यात न जाणारी खूण केलेली असावी.

"परत वाच," आबा म्हणाले.

मी परत वाचलं. आबा उठून उभे राहिले. खरंच उभे राहिले, भाषण ऐकून माणसं उठतात तसे. "देख," ते मायला म्हणाले, "कॉलेजले बी मनंच काम लागस."

कॉलेजलाही आपलंच काम लागतं, या आनंदात दोन दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. आधी प्रश्न होता खूण कुठली. माय म्हणाली एक टिंब पुरे. आबांना ते पटेना, टिंब गुरवाच्या घराचं होतं. शेवटी भट्टीपुढे बसल्या बसल्या त्यांना सुचलं. एक गोल आणि त्याखाली तीन टिंबं. भांडं आणि तीन दगड. "हाई आपलं घर," ते म्हणाले. आणि मग ती खूण त्यांनी माझ्या सगळ्या ड्रेसच्या गळ्याला मागून आतल्या बाजूने केली, सलवारींच्या नाडीच्या पट्टीवर केली, उशीच्या अभ्र्यांवर, टॉवेलावर, चादरीवर केली. गावाच्या कपड्यांवर खूण तांदळाएवढी असायची. माझी खूण आठ आण्याच्या नाण्याएवढी होती. इतक्या मोठ्या शहरात लहान खूण कोण बघणार, असा त्यांचा हिशोब. रस दोनदा फिरवला. एसटी दुसऱ्या दिवशी सकाळची होती, म्हणून नव्या कपड्यांना भट्टीही दाखवली नाही. कपड्यांच्या घड्या अशा कडक की ट्रंक उघडली तर दुकान उघडल्यासारखं वाटावं.

हॉस्टेलमधली माझी खोलीची सोबतीण कुसुम, वणीची. तिने पहिल्याच दिवशी माझी ट्रंक बघून विचारलं, "अगं इंदे, तू शिकायला आलीस का नांदायला?" आम्ही तेव्हाच मैत्रिणी झालो.

आठवडा गेला आणि माझ्या मानेला खाज सुटली. मला वाटलं घाम. दुसऱ्या दिवशी मान लाल. तिसऱ्या दिवशी बारीक बारीक पाण्याचे फोड, एकमेकांना चिकटून, आणि खाज तर अशी की वर्गात मी बाकाच्या कडेवर मान घासत बसले. मग कमरेला पुढून तेच. मग उजव्या गालावर. रोज नव्या जागी उगवत होतं, म्हणजे अंगभर पसरत चाललंय, असं सगळ्यांनी ठरवलं. आणि मग सगळ्यांनी उपाय सुरू केले. स्वयंपाकाच्या मावशींनी खोबरेल तेलात कापूर घालून दिला. कुणी कडुलिंबाचा पाला वाटला. कुणी सांगितलं लसूण घास, मी घासला, आणि त्या दिवशी मी खोलीत जो नाच केला तो कुसुम अजून लग्नकार्यात करून दाखवते. पलीकडच्या खोलीतल्या मुलीच्या मते ही देवी होती, म्हणून ती रोज लांबूनच नमस्कार करून जायची. कुसुम म्हणायची, "बाई, नमस्कार करतीस तर निदान नारळ तरी ठेव. आम्ही खोबरं खाऊ."

हसणं तिथेच थांबलं, कारण वॉर्डनबाईंनी मला बोलावलं. त्यांनी मान बघितली आणि खुर्ची मागे सरकवली. त्यांना ती खरूज वाटली. त्यांनी गंधकाचं मलम दिलं आणि म्हणाल्या, "हे बघ इंदुमती, मला चाळीस मुली सांभाळायच्या आहेत. हा संसर्ग नाही असं डॉक्टरांचं पत्र शनिवारपर्यंत आण, नाहीतर बरी होईपर्यंत घरी जा. मी तुझ्या वडिलांना तसं कार्ड टाकलं आहे."

बाईंचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण घरी जा या दोन शब्दांचा अर्थ मला माहीत होता. घरी म्हणजे मामा, म्हणजे ते स्थळ. मी गेले असते तर परतीची एसटी मला मिळालीच नसती. खोलीत येऊन ते गंधकाचं मलम थापलं, आणि लसूण बरा होता असं म्हणायची पाळी आली. आग आणि खाज एकाच वेळी.

कुसुम दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आमचा दादा सातपूरला कंपनीत हाय ना, त्याच्या मनगटाला असंच आलं होतं. गावाकडं समद्यांनी सांगितलं नजर लागली. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं, तर मशिनचं तेल! हातमोजे घाल म्हणाल्या, खल्लास. उठ. उद्या जाऊ."

दवाखान्यात लांबलचक रांग होती. माझ्या पुढे-मागे खाजवणारी माणसं, आणि सगळी एका तालात, त्यामुळे मला जरा घरच्यासारखं वाटलं. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, नाकावर घसरलेला चष्मा. मी माझी सगळी कहाणी, तेलापासून गंधकापर्यंत, एका दमात सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"काय काय झालं ते नंतर. कुठे कुठे झालं ते सांग."

मी दाखवलं. त्यांनी माझ्या केसपेपरच्या मागे माणसाचं चित्र काढलं, मुलं काढतात तसं, आणि मानेवर, कमरेवर, उजव्या गालावर पेनाने ठिपके दिले. बोटांच्या बेचक्यांत बघितलं. "इथे काही नाही. खरूज इथे आधी येते. खोलीतल्या कुणाला झालंय?"

"नाय बाई," कुसुम म्हणाली, "मी रोज हिच्या शेजारी झोपते. मला खाज येती ती फक्त हिच्या बडबडीची."

"झोपतेस कोणत्या कुशीवर?" त्यांनी मला विचारलं.

"उजव्या."

त्या उठून माझ्या मागे आल्या. वेणी बाजूला केली. चष्मा नाकावर वर सरकवला. मग पेनाची टोपी लावून, न टेकवता, माझ्या मानेवर एक गोल फिरवल्यासारखं केलं आणि त्याखाली तीन वेळा थांबल्या. "हे चित्र कुणी काढलंय गं तुझ्या मानेवर?"

मी मान वळवून बघायला लागले. त्यांनी ड्रेसचा गळा उलटा केला. आबांचं भांडं आणि तीन दगड. तेच कातडीवर, फक्त फोडांनी भरलेलं.

"ही खूण कशाने केलीय?"

"बिब्ब्याने," मी म्हणाले. "सलवारीच्या पट्टीवर आणि उशीच्या अभ्र्यावरही आहे."

डॉक्टरीणबाई इतक्या मोठ्याने हसल्या की रांगेतल्यांचं खाजवणं थांबलं. त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना हाका मारून गोळा केलं. "या, या. रोगाने स्वतःची सही केलेली कधी बघितलीय का?" सगळे माझ्या मानेवर वाकले. कुसुमही वाकली, ती तर सर्वांत पुढे.

बिब्बा उततो, अंगाला लागला की फोड आणतो, हे मला काय माहीत नव्हतं? आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. पण उततो तो ओला, असं आम्ही धरून चाललो होतो. वाळलेल्या, चुना लावलेल्या खुणा तर अख्खं गाव अंगावर वागवत होतं. आणि आबांच्या हातून काही वाईट होऊ शकतं, हे माझ्या मनात शिरणारच नव्हतं. बाईंनी विचारलं, लहानपणी बिब्ब्याला हात लावला होता का? मी म्हणाले, टोचून द्यायचे. "मग तेव्हा तुझ्या कातडीने त्याच्याशी ओळख करून घेतली," त्या म्हणाल्या, "आणि आता ती ओळख दाखवतेय. वडिलांना आयुष्यभर काही होत नाही आणि तुला होतं, यात कुणाचा दोष नाही. सगळ्यांची कातडी सारखी नसते."

मग त्यांनी समजावलं. फोड मुद्दाम फोडायचे नाहीत. त्यातलं पाणी लागल्याने हे पसरत नाही आणि दुसऱ्याला होत नाही. जागोजागी उशिरा उठतं म्हणून पसरल्यासारखं दिसतं. स्वच्छ गार पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याची घडी दिवसातून तीन-चारदा ठेवायची. एक मलम, पातळ बोट फिरवून. खाजेची एक गोळी, तिने झोप येईल. तेल, पाला, लसूण, गंधक, सगळ्यांना सुट्टी. "आणि खुणेचे कपडे अंगाला लावायचे नाहीत. धुतले तरी नाही. ती खूण न जाणारी आहे, हे तुझ्या वडिलांनी फार चोख काम केलंय."

पत्र मिळालं. संसर्गजन्य नाही. मी ते छातीशी धरून रस्त्याने चालत होते आणि खाज असूनही मला नाचावंसं वाटत होतं. कुसुम म्हणाली, "अगं पण घालशील काय? तुझं तर समदंच शिक्क्याचं हाय." तिने मला तिचे दोन ड्रेस दिले. ते मला आखूड होत होते, सलवार पोटरीवर यायची.

मी ठरवलं होतं, आबांना हे कधीच कळू द्यायचं नाही. खुणा कापून काढायच्या, वर ठिगळं लावायची, आणि सुट्टीत विचारलं तर सांगायचं, डास. पण वॉर्डनबाईंचं कार्ड माझ्या आधी धावलं होतं. शनिवारी सकाळी आबा हॉस्टेलच्या फाटकात उभे होते, धोतर पांढरं शुभ्र, हातात पिशवी, आणि डोळे भ्यालेले. वॉर्डनबाईंनी त्यांना ऑफिसात बसवलं. ते खुर्चीच्या टोकावर बसले.

मी वेणी मानेवर नीट पसरून आत गेले. आबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, "हाऊ कपडा कोणा शे?"

परिटाच्या डोळ्याला कोण फसवणार? कपडा कुणाचा ते मी कसंबसं पुटपुटले. आबा उठले, माझ्या मागे आले आणि वेणी बाजूला केली. फोड एव्हाना बसत आले होते, पण गोल होता, तीन टिंबं होती. गावातली शे-दोनशे घरं वाचणाऱ्या माणसाला ते वाचायला किती वेळ लागणार? त्यांनी नेहमीच्या सवयीने अंगठा पुढे केला, आणि कातडीजवळ येऊन तो थांबला.

"हाऊ तं मना हात शे," ते म्हणाले. स्वतःच्या हातचं काम त्यांनी ओळखलं होतं.

मी वळून घाईघाईने सांगायला लागले. पत्र आहे, बरं होतंय, कुणाचा दोष नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या काम फार चोख आहे. आबा ऐकत होते की नाही कोण जाणे. वॉर्डनबाईंनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "संसर्ग नाही हे बरं झालं. पण पोरीला त्रास तर आहेच, आणि तुम्ही एवढ्या लांबून आलाच आहात. पंधरा दिवस, महिना घेऊन जा हवं तर. तिला आराम पडेल."

मी आबांकडे बघितलं. पिशवीत मामांनी दिलेला निरोप असणार, हे मला पिशवी न उघडता कळत होतं. नंतर मायने सांगितलं, मामा एसटीपर्यंत सोडायला आले होते आणि आबांना दोनदा बजावलं होतं, रिकाम्या हाताने येऊ नका.

आबांनी टोपी काढून परत घातली. मग ते बाईंना म्हणाले, एकेक शब्द शहरी करायचा प्रयत्न करत, "बाई, पोर इथंच राहील. कपडे मी घेऊन जातो."

आणि खरंच घेऊन गेले. ट्रंकेतला एकूण एक कपडा, अभ्रे, चादर, टॉवेल, सगळ्याचं एक भलंमोठं गाठोडं बांधलं, तसंच जसं ते आयुष्यभर बांधत आले होते, आणि पाठीवर टाकून निघाले. रिकाम्या हाताने काही ते गेले नाहीत. फाटकाशी पिशवीतून फडक्यात बांधलेले भाजलेले कांदे काढून माझ्या हातात दिले. कुसुम आणि मी ते पायरीवर बसून खाल्ले. हात काळे, तोंडं काळी. पलीकडच्या खोलीतली ती भाविक मुलगी आली, जरा लांब उभी राहिली, मग म्हणाली, "एक मला?"

पंधरा दिवसांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर गाठोडं परत आलं. खुणेचे तुकडे कापून तिथे नवं कापड जोडलेलं, सगळं भट्टीतून काढलेलं, आणि खालच्या काठाशी, अंगाला लागणार नाही अशा जागी, लाल दोऱ्याने मायने घातलेला इवलासा गोल आणि तीन गाठी. आबांनी बिब्बा सोडला नाही, तो त्यांचा धंदा होता. पण त्यानंतर नवी सून गावात आली की ते आधी विचारायचे, बाई, तुले बिब्बा उतस का? हो म्हणाली, की त्या घराला लाल दोरा. मी सुट्टीत जायचे तेव्हा दरवेळी दोन-चार लाल दोऱ्यांची घरं वाढलेली असायची.

मी पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. कुणाला पट्ट्याखाली, कुणाला घड्याळाखाली, कुणाला नव्या चपलेच्या अंगठ्यापाशी खाज सुटली की मुलं माझ्याकडे यायची. मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवायचे, पण आधी वहीच्या मागच्या पानावर माणसाचं चित्र काढून विचारायचे, कुठे कुठे ते सांग. परवा नातवाच्या मनगटावर तेच केलं. तो म्हणाला, "आजी, तुला चित्र काढता येत नाही." खरं आहे.

पदवीदानाच्या दिवशीचा एक फोटो आमच्या बैठकीत आहे. त्यात मी काळा झगा घालून उभी आहे आणि गळ्याभोवती, झग्याच्या आत, एक पांढरं धोतराचं फडकं आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय मध्येच? झगा भाड्याचा होता. सगळ्या मुली रांगेत झगे चढवत होत्या, फोटोवाला घाई करत होता, आणि आबा मात्र माझा झगा हातात धरून बसले होते. त्यांनी कॉलर उलटी केली, अंगठ्याने चाचपली. कुणातरी परिटाची काळी खूण होती, दोन रेघा आणि एक टिंब. आबा तिच्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे बघून हसले. मग आपल्या धोतराचा पदर दातांनी टरकन फाडला, त्याची घडी केली, माझ्या मानेवर नीट बसवली आणि वरून झगा घातला.

"आते काढा फोटो," ते म्हणाले.